‘जितकं कॅल्शियम, तितकं दूध’ सांगणाऱ्या मेसेजचा समाचार

गोठेवाल्यांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज नव्याने उगवतो. त्याचा गोषवारा असा: दूध कॅल्शियमचं बनतं, म्हणून जितकं कॅल्शियम पाजाल तितकं दूध वाढेल. गाभण गाईला शेवटच्या महिन्यात दुप्पट डोस आणि वर मूठभर खायचा सोडा द्या, म्हणजे व्याल्यावर ती बसणार नाही. युरिया घातलेलं पशुखाद्य म्हणजे विष, तो युरिया थेट दुधात उतरतो. खनिज मिश्रणाची एकच पिशवी गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना चालते. नैसर्गिक असेल ते कितीही द्या, अपाय नाही. आणि शेवटी ठसक्यात: व्याल्या दिवसापासून सुरू करा, पंधरा दिवसांत फरक बघा!

मेसेजात अधूनमधून खरं सापडतं, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकून आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

“जितकं कॅल्शियम, तितकं दूध.”

गाईच्या एक लिटर दुधात साधारण 1.2 ग्रॅम कॅल्शियम असतं. 20 लिटर देणारी गाय रोज सुमारे 24 ग्रॅम कॅल्शियम दुधावाटे घालवते, इथवर मेसेज बरोबर आहे. पण दूध किती उतरणार हे मुख्यतः लॅक्टोजवर ठरतं. ही साखर कासेत तयार होते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून घेते. जितकं लॅक्टोज तयार होईल तितकं पाणी, तितकं दूध. लॅक्टोजला ग्लुकोज लागतं आणि रवंथ करणाऱ्या जनावराला ते खाद्यातून फारसं आयतं मिळत नाही. कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जंतू चारा आंबवून प्रोपिओनेट नावाचं आम्ल बनवतात, यकृत त्यापासून ग्लुकोज घडवतं. दूध वाढवायचं तर आधी पचणारा चारा आणि पुरेसा खुराक लागतो. कॅल्शियम कमी पडलं तरी गाय दुधातलं त्याचं प्रमाण सहसा घटू देत नाही, हाडांतून काढून देते. जास्त दुधाच्या गाई व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे करतातच आणि पुढे दूध उतरणीला लागलं की हाडं पुन्हा भरून घेतात.

मग कॅल्शियम देऊच नये का? द्यावं, जिथे तूट आहे तिथे. नुसता भुसा, कोंडा आणि धान्याचा भरडा यांवर गोठा चालत असेल तर तूट असतेच, कारण धान्यात आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. द्विदल चाऱ्यात ते चांगलं असतं. तूट भरायला बाटलीच हवी असंही नाही. 100 ग्रॅम चांगल्या चुनखडीच्या भुकटीत 35 ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. हातातल्या बाटलीच्या लेबलवर दर 100 मिलीला किती ग्रॅम लिहिलंय ते वाचा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

“शेवटच्या महिन्यात दुप्पट कॅल्शियम आणि सोडा, म्हणजे गाय बसणार नाही.”

मेसेजातलं सर्वात धोकादायक वाक्य हेच. व्याल्यावर एक-दोन दिवसांत गाय बसते, कान गार पडतात, मान कुशीकडे वळते, ते दुखणं म्हणजे मिल्क फिव्हर. रक्तातलं कॅल्शियम अचानक खाली गेल्याने हे होतं. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम फिरत असतं. चिकात लिटरला 2 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 10 लिटर चीक उतरला की 20 ग्रॅम गेलं. ही मागणी एका दिवसात उभी राहते. हाडांत कॅल्शियमचा किलोंनी साठा असतो, पण तो उघडायला पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक सुटावं लागतं, आणि आतड्यातून जास्त शोषून घ्यायला मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूप तयार व्हावं लागतं. ही यंत्रणा जागी व्हायला वेळ लागतो. भाकड काळात, म्हणजे विण्याआधी दूध बंद असताना, बाहेरून कॅल्शियम ओतत राहिलं तर तिला जागं होण्याचं कारणच उरत नाही.

हे नव्याने कळलेलं नाही. बोडा आणि कोल या संशोधकांनी 1954 सालीच दाखवलं होतं की विण्याआधी कमी कॅल्शियमचा आहार दिला तर मिल्क फिव्हर टळतो. अडचण एवढीच, की हा उपाय लागू पडायला दिवसाचं कॅल्शियम 20 ग्रॅमच्या खाली आणावं लागतं आणि नेहमीच्या चाऱ्यावर ते जवळपास अशक्य असतं.

पुढचा धागा फिनलंड-नॉर्वेकडचा आहे. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी हिरवा चारा आम्ल घालून टिकवायची पद्धत काढली. 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. असा आम्ल घातलेला मूरघास खाणाऱ्या गाई व्याल्यावर कमी बसतात, हे नॉर्वेतल्या संशोधकांच्या ध्यानात आलं. कॅल्शियमचा हिशेब कितीही केला तरी याचा उलगडा होत नव्हता. उलगडा झाला तो क्षारांच्या समतोलातून. आहारात सोडियम आणि पोटॅशियम जास्त असलं की रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाला हाडं-मूत्रपिंडं नीट दाद देत नाहीत. क्लोराइड आणि सल्फेट वाढवलं की ती पुन्हा ऐकू लागतात. कॅनडात एलियट ब्लॉक यांनी 1984 साली दोन्ही तऱ्हेचे आहार गाईंना देऊन पाहिले. सोडियम-पोटॅशियम वरचढ असलेल्या आहारावर 47 टक्के वेळा मिल्क फिव्हर झाला, क्लोराइड-सल्फेट वरचढ असलेल्या आहारावर एकदाही नाही. 1997 मध्ये अमेरिकेत गॉफ आणि हॉर्स्ट यांनी आणखी एक गाठ सोडवली: विण्याआधीच्या आहारात पोटॅशियम किंवा सोडियम वाढवलं की मिल्क फिव्हर वाढला, कॅल्शियम वाढवून मात्र फरक पडला नाही.

आता मेसेजकडे वळा. दुप्पट कॅल्शियमने संरक्षण मिळत नाही. आणि खायचा सोडा म्हणजे सोडियमचाच डोस, नेमका नको त्या आठवड्यांत! हाच सोडा दुभत्या गाईला, खुराक जास्त असताना, उपयोगी पडतो. कोठीपोटातलं वाढलेलं आम्ल तो आवरतो. व्याल्यानंतर चांगला, विण्याआधी वाईट. ज्याने मेसेज लिहिला त्याने दुभत्या गाईचा सल्ला उचलून गाभण गाईच्या गळ्यात बांधला असावा.

शेवटच्या तीन आठवड्यांत आम्लधर्मी (क्लोराइड-सल्फेटवाले) क्षार द्यायचे तर ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, आणि लघवीचा सामू तपासत. एरवी तो 8 च्या आसपास असतो, क्षार लागू पडले की 6 ते 7 च्या मधे येतो. तपासणीविना हे क्षार देऊ नयेत, कारण चव वाईट असल्याने गाई खाणंच कमी करतात. तिसऱ्या वेतापुढच्या गाईला व्याल्याबरोबर, ती उभी असताना, तोंडाने कॅल्शियम देण्यात अर्थ आहे. बसलेल्या गाईला मात्र बाटली पाजू नका. तिची गिळण्याची ताकद गेलेली असते, औषध फुप्फुसात उतरतं. तिला शिरेतून कॅल्शियम लागतं, तेही हृदयाचे ठोके ऐकत सावकाश, कारण घाईने सोडलं तर हृदय थांबतं.

“युरिया म्हणजे विष, आणि तो दुधात उतरतो.”

इथे विर्तानेन पुन्हा भेटतात. 1966 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाईंना प्रथिनंच दिली नव्हती. नायट्रोजनसाठी युरिया आणि अमोनियम क्षार, ऊर्जेसाठी शुद्ध स्टार्च, साखर, सेल्युलोज. त्यांतल्या काही गाईंनी वर्षाला 4,000 किलोच्या वर दूध दिलं. कोठीपोटातले जंतू युरियाचा अमोनिया करतात, अमोनियापासून स्वतःची प्रथिनं बांधतात आणि गाय शेवटी ते जंतूच पचवते.

अट अशी की जंतूंना त्याच वेळी पचायला सोपी ऊर्जा मिळाली पाहिजे. नाहीतर अमोनिया रक्तात शिरतो आणि तासाभरात जनावर थरथरतं, फेस गाळतं, दगावतंही. म्हणून एकूण कोरड्या आहाराच्या 1 टक्क्यापेक्षा जास्त नाही, सवय हळूहळू, नीट मिसळून, उपाशी जनावराला नाही, आणि कोठीपोट पुरतं तयार न झालेल्या वासराला अजिबात नाही. डुकरं-कोंबड्यांना त्याचा उपयोगच नाही. निकृष्ट भुशावर प्रक्रिया करायला 100 किलोला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवतात. ही पद्धत अनेक देशांत रुळलेली आहे.

दुधात युरिया असतोच, युरिया न खाणाऱ्या गाईच्या दुधातही. यकृत जादा अमोनियाचा युरिया करतं, मग तो अमोनिया सरकीच्या पेंडीतून आलेला असो वा कोवळ्या गवतातून. आहारात प्रथिनं आणि ऊर्जा यांचा मेळ बसला आहे का, हे पाहायला दुधातला युरिया मुद्दाम मोजतात. कुणी बाहेरून दुधात युरिया कालवला तर ती भेसळ, आणि तिच्याशी गाईच्या दावणीचा संबंध नाही.

“एकच खनिज मिश्रण सगळ्यांना.”

मेंढ्या पाळणाऱ्याने हे ऐकू नये. गाईला चालणारं तांबं मेंढीच्या यकृतात महिनोन् महिने साचत जातं. मेंढी वरून ठणठणीत दिसते. मग प्रवास, पाऊस, उपासमार असं काही निमित्त घडतं, साठा एकदम रक्तात येतो, तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. युरोपीय संघात मेंढ्यांच्या खाद्याला किलोमागे 15 मिलिग्रॅम तांब्याची मर्यादा आहे, ती याचसाठी. मोनेन्सिन या औषधाची गोष्ट तशीच. कोंबड्यांत रक्ती हगवण आवरायला आणि गाईंच्या खाद्यात ते वापरतात. घोड्याला मात्र वजनाच्या किलोमागे 2-3 मिलिग्रॅम जिवावर बेततं, कोंबडी त्याच्या कितीतरी पट सहन करते.

“नैसर्गिक आहे, कितीही द्या.”

1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले ते भुईमुगाच्या पेंडीने. पेंड नैसर्गिक होती, तिच्यावरची बुरशीही. त्या बुरशीच्या विषाचा, अफ्लाटॉक्सिनचा, शोध त्यातून लागला. गाईने अशी पेंड खाल्ली तर या विषाचं बदललेलं रूप, अफ्लाटॉक्सिन एम 1, दिवसभरात दुधात दिसू लागतं. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या गाईच्या कोठीपोटात बरंचसं निष्प्रभ होतं, लहान वासराला मात्र बाधतं. सुबाभळीच्या पाल्यातल्या मिमोसिनने ऑस्ट्रेलियातली जनावरं आजारी पडत, हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नसे. रेमंड जोन्स या संशोधकाने शोधून काढलं की हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात ते विष मोडणारे जंतू आहेत. ते जंतू ऑस्ट्रेलियातल्या गुरांत सोडल्यावर तीच सुबाभूळ उत्तम चारा ठरली.

“पंधरा दिवसांत फरक बघा.”

दिसेलच. व्याल्यानंतर पहिले सहा-आठ आठवडे गाईचं दूध आपसूकच वाढत असतं. त्या काळात बाटलीत साधं पाणी भरून पाजलं तरी श्रेय बाटलीला मिळेल. खरंच तपासायचं असेल तर दूध स्थिरावलेल्या, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या गाई घ्या. वेत आणि दूध सारखं पाहून जोड्या लावा, जोडीतल्या एकीला द्या, दुसरीला नाही, बाकी चारा-पाणी दोघींना तेच. तीन आठवडे दोन्ही वेळचं दूध मोजून वहीत लिहा. मग अदलाबदल करून आणखी तीन आठवडे.