समुद्राबद्दल शंका घ्या, पण बांध मोजत राहा

२०१९च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्लायमेट सेंट्रल’ या अमेरिकी संस्थेच्या संशोधनावर बेतलेला एक नकाशा जगभर फिरला. २०५० सालची मुंबई, आणि तिचा बराचसा भाग पाण्याखाली. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो तेव्हा आला आणि अजूनही पावसाळा लागला की कोणीतरी तो पुन्हा टाकतं. ऑगस्ट २०२१मध्ये तेव्हाचे मुंबई पालिका आयुक्त जाहीर कार्यक्रमात म्हणाले की २०५०पर्यंत नरिमन पॉइंट, मंत्रालय या परिसराचा ८० टक्के भाग पाण्यात जाईल. नकाशा पुन्हा फिरला. प्रतिक्रिया दर वेळी दोनच. काही जण घाबरतात. बाकीचे म्हणतात, गेटवेच्या पायऱ्या आजोबांच्या वेळी होत्या तिथेच आहेत. कोळसा जाळू नका असं भारताला सांगता यावं म्हणून गोऱ्यांनी उठवलेली ही आवई आहे.

मी रॉटरडॅमजवळ राहते. इथून सायकलने जाता येईल अशा अंतरावर, न्यूवेरकेर्कला, नेदरलँड्समधली सर्वांत सखल जागा आहे: समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली. त्या नकाशामागचा हिशोब एवढाच होता की जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे की वर. बांध, भिंती, पंप त्यात धरलेलेच नव्हते. तो हिशोब लावला तर मी बसले आहे ते घर आजच पाण्यात आहे. ते कोरडं आहे कारण कोणीतरी रोज पाणी उपसतंय आणि दर वर्षी बांध तपासतंय. म्हणून ‘मुंबई बुडणार की नाही’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. किती उंचीची भरती आपण अडवू शकतो, ती अडवणारी वस्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि तिच्यासाठी पैसे कुठून येतात, हे विचारायला हवं.

हे मी परदेशात शिकलेलं शहाणपण म्हणून सांगत नाही. माझं माहेर अलिबाग तालुक्यातल्या खारपट्टीत, धेरंड-शहापूरच्या बाजूला. खाडीला बांध घालून भाताची जमीन काढायची, बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला आतलं पाणी सोडायचं आणि भरतीला फळ्या लावून बाहेरचं अडवायचं, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. गोव्यातल्या खाजण जमिनी आणि तिथलं मानस (बांधातलं दार) हीच विद्या. डच पोल्डर त्याहून मोठा आणि यंत्रांनी चालणारा असेल, पण कल्पना तीच आहे. बांधाला खांड पडली की काय होतं ते आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा.

आणि तरी, ग्रुपवर सगळ्यांत ठामपणे ‘समुद्र-बिमुद्र काही वाढलेला नाही’ म्हणणारा माझा चुलतभाऊ आहे, जो त्याच बांधाआड शेती करतो. त्याचं म्हणणं मी थोडक्यात देते, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तो म्हणतो, “ताई, उधाणाला बांध फुटला की साहेब येतात आणि सांगतात, हवामान बदल. उघाडीच्या फळ्या कुजल्यात हे आम्ही किती वर्षं लिहून देतोय? खाडीत रेती उपसली, बार्ज फिरले, त्यांच्या लाटांनी बांध धुपला. ते कोणी बोलत नाही. हवामान बदल म्हटलं की कोणाचीच चूक राहत नाही.”

त्याचं निदान बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आपल्याकडे या विषयावरचा अविश्वास निव्वळ अज्ञानातून येत नाही. पूर आला की हवामान बदलाचं नाव सांगून सुटणाऱ्या यंत्रणेनेही तो तयार केला आहे. ज्याला प्रत्येक वेळी तेच कारण ऐकवलं जातं, तो शेवटी समुद्राची नोंदही खोटी मानू लागतो.

डच लोक फार विज्ञाननिष्ठ आणि आपण अडाणी, असं चित्र कोणी रंगवलं तर ते खरं नाही. इथेही शंकेखोर भरपूर आहेत आणि ते सत्तेपर्यंत पोचलेही होते. नोव्हेंबर २०२३च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळवणाऱ्या पीव्हीव्ही पक्षाच्या जाहीरनाम्यात हवामान कायदा थेट श्रेडरमध्ये घालायचा असं लिहिलं होतं. हवामान शतकानुशतकं बदलतंच आहे, असा त्यांचा पवित्रा. पण त्याच जाहीरनाम्यात पुढे काय आहे? गरज पडेल तिथे बांध उंच करू आणि नद्यांना जागा देऊ. कारणाबद्दल त्यांना शंका आहे, कार्बन कमी करायला त्यांचा विरोध आहे आणि त्या दोन्ही बाबतींत मला ते चुकीचे वाटतात. पण बांधाच्या उंचीवर त्यांनी वाद घातला नाही. इथे तो घालून मतं मिळत नाहीत.

याला कारण १९५३ आहे. ३१ जानेवारीच्या रात्री वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली, नैऋत्येकडचे बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. बांध फार ठेंगणे आणि कमजोर आहेत हे सरकारी जलअभियंता योहान फान फेन आधीची कित्येक वर्षं सांगत होता. युद्ध होतं, पैसा नव्हता, ऐकलं गेलं नाही. आवेरकेर्कला त्या पुराचं संग्रहालय आहे. शेवटची खांड बुजवायला जे चार प्रचंड काँक्रीटचे कॅसन (पोकळ पेट्या) बुडवले, त्यांच्याच पोटात ते उभारलंय. पुरानंतर तीन आठवड्यांच्या आत किनारा सुरक्षित करण्यासाठी डेल्टा आयोग नेमला गेला आणि १९९७मध्ये रॉटरडॅमच्या तोंडाशी मास्लांतचा फिरता दरवाजा उभा राहिला तेव्हा कुठे ते काम पुरं झालं. चव्वेचाळीस वर्षं. मधे किती सरकारं आली आणि गेली. २१ डिसेंबर २०२३ला, पाण्याने ठरलेली पातळी गाठल्यामुळे, तो दरवाजा पहिल्यांदा आपोआप बंद झाला. पीव्हीव्हीच्या विजयाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दरवाजा कोणत्या पातळीला मिटायचा हे निवडणुकीच्या निकालावर अवलंबून नव्हतं.

समुद्राच्या नोंदींबद्दलही इथे खरा वाद झाला आहे. अनेक वर्षं डच शंकेखोरांचा सगळ्यांत बळकट मुद्दा हा होता की उपग्रह जगभर वाढता वेग दाखवतात, पण आमच्या किनाऱ्यावरचे भरतीमापक तो दाखवत नाहीत. पाणी आपलं शंभर वर्षं वर्षाला दोनेक मिलिमीटरनेच चढतंय. मुद्दा खोटा नव्हता. उत्तर समुद्रात वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतो किंवा मागे खेचतो, शिवाय चंद्राच्या कक्षेमुळे भरतीत १८.६ वर्षांचं एक चक्र असतं. या दोन्हींमुळे काही मिलिमीटरचा फरक सहज झाकला जातो. संशोधकांनी वाऱ्याचा परिणाम बाजूला काढला, चक्राचा हिशोब केला, आणखी काही वर्षांच्या नोंदी जमू दिल्या. २०२२च्या सरकारी समुद्रपातळी अहवालात मग स्पष्ट लिहिलं गेलं की वेग वाढला आहे: आधी वर्षाला सुमारे १.८ मिलिमीटर, १९९३नंतर सुमारे २.९. शंका घेणाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मोजमापाने मिळालं, आणि त्यांच्या प्रश्नामुळे मोजमापही सुधारलं.

आपल्याकडेही असा बळकट मुद्दा आहे. मुंबईत अपोलो बंदरचा भरतीमापक १८७८पासून नोंदी ठेवतोय. हिंदी महासागरातल्या सगळ्यांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. तिच्यातली दीर्घ सरासरी वर्षाला पाऊण-एक मिलिमीटरच भरते. ग्रुपवर कोणी हा आकडा टाकला की ‘बघा, काही होत नाही’ म्हणून विषय संपतो. पण सव्वाशे-दीडशे वर्षांच्या सरासरीत अलीकडची वाढ विरघळून जाते. बंगळुरूच्या सीस्टेप या संस्थेने १९८७ ते २०२१ एवढाच काळ घेतला तेव्हा मुंबईची वाढ सुमारे ४.४ सेंटीमीटर, म्हणजे त्या दीर्घ सरासरीपेक्षा जास्त वेगाने, निघाली. जगाची सरासरीही अशीच चढली आहे: आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार १९०१ ते १९७१मध्ये वर्षाला १.३ मिलिमीटर, २००६ ते २०१८मध्ये ३.७. माणसाचा हात हे १९७१पासूनच्या वाढीचं मुख्य कारण असण्याची शक्यता फार मोठी आहे, असं तोच अहवाल म्हणतो.

यावर चुलतभावाचा पुढचा प्रश्न असा: “आमच्या खाडीत पाणी रोज दोनदा पुरुषभर चढतं-उतरतं. त्यात तुझे चार सेंटीमीटर कुठे दिसणार?” रोजच्या भरतीत ते दिसणार नाहीत. बांध रोजच्या भरतीसाठी बांधलेला नसतो. तो वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाच्या वर हातभर उंच ठेवलेला असतो. समुद्र जेवढा चढतो तेवढा तो हातभर कमी होतो. आणि उघाडी ओहोटीला जितका वेळ उघडी राहायची, तितकी राहत नाही, त्यामुळे पावसाचं आतलं पाणी बाहेर पडायला कमी वेळ मिळतो.

मुंबईचं दुखणं हेच आहे, फक्त काँक्रीटमध्ये. पालिकेच्याच नोंदीप्रमाणे समुद्रात आणि खाडीत उघडणाऱ्या पावसाळी नाल्यांच्या १८६ तोंडांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीतही मोकळी राहणारी फक्त ६. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्याने कुठे जायचं, हा प्रश्न याच तोंडांशी अडला. नंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं झाली, ते चांगलं झालं. पण ८० टक्के नरिमन पॉइंट बुडेल हे वाक्य जितक्या लोकांना ठाऊक आहे, त्याच्या शंभराव्या हिश्श्याला तरी हे ६ आणि ४५ ठाऊक असायला हवेत.

नवी मुंबईकडे बघा. सिडकोने भराव घालून वसवलेले वाशी, बेलापूरसारखे भाग भरतीच्या पातळीखाली आहेत आणि तिथले धारण तलाव, आपण होल्डिंग पाँड म्हणतो ते, डच पद्धतीवरच आखलेले आहेत. भरतीला दारं बंद, पावसाचं पाणी तलावात. ओहोटीला दारं उघडायची. रचना आणली, पण त्यामागची देखभालीची व्यवस्था आणली नाही. तलाव गाळाने भरले, गाळावर खारफुटी वाढली, आणि आता गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे ते योग्यच आहे. वेळच्या वेळी गाळ काढला असता तर ती तलावात उगवली नसती.

इथे ते काम वॉटरस्खाप, म्हणजे पाणी-मंडळं करतात. देशात २१ आहेत, काही तेराव्या शतकापासूनची. प्रत्येक घर त्यांना वेगळा कर देतं आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. माझा पासपोर्ट भारतीय आहे, तरी मार्च २०२३मध्ये मी त्यात मत दिलं. त्या निवडणुकीत शेतकऱ्यांच्या बीबीबी पक्षाने बहुतेक मंडळांत मुसंडी मारली आणि पोल्डरमधल्या पाण्याची पातळी किती ठेवायची यावर कडाक्याची भांडणं झाली, कारण पाणी उतरवलं की शेती सोपी होते पण पीटची (कुजलेल्या वनस्पतींची) जमीन खचते. भांडण खरं होतं, आणि त्यासाठी एक जागा होती, जिथे शेवटी सेंटीमीटरमध्ये निर्णय होतो.

डच लोकांचे दोषही मोठे आहेत. इथला माणूस सरासरी भारतीयाच्या तिप्पट-चौपट कार्बन सोडतो. त्यामुळे ‘आधी तुम्ही कमी करा’ हे आपलं म्हणणं मला पूर्ण न्याय्य वाटतं. स्वतःच्या सरकारकडून ते करून घ्यायला इथल्या नागरिकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तो उर्खेंडा खटल्याचा निकाल २०१९चा. न्यूवेरकेर्कच्या त्याच सखल पोल्डरमध्ये हजारो नवी घरं बांधायची योजना आहे. पण या अन्यायामुळे कोकणातल्या एकाही बांधाची उंची वाढत नाही. हवामानाची वाटाघाटी दिल्ली करील. उघाडी तोवर थांबणार नाही.

आणि शास्त्रज्ञांच्या चुकांबद्दल. २००७च्या आयपीसीसी अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत संपतील असं छापलं गेलं होतं. त्याच अहवालात नेदरलँड्सचा ५५ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे असंही होतं. दोन्ही चुका २०१०च्या आसपास उघड झाल्या. डच आकडा त्यांच्याच पर्यावरण-मूल्यांकन संस्थेने पुरवलेला होता. तिने चूक जाहीर कबूल केली (२६ टक्के समुद्रसपाटीखाली, आणखी २९ टक्क्यांना पुराचा धोका) आणि अहवालाच्या प्रादेशिक प्रकरणांची नव्याने तपासणी केली. मुख्य निष्कर्षांना धक्का लागला नाही. आपल्याकडे २०३५ची चूक अजून ग्रुपवर पुरावा म्हणून फिरते.

सरकारचंही एक काम अर्धवट आहे. किनाऱ्यालगत धूप, भरती आणि समुद्रवाढ धरून धोक्याची रेषा आखली गेली आहे. पण २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ती आपत्ती व्यवस्थापनाचं साधन म्हणून ठेवली. बांधकाम कुठे करायचं ते ती ठरवत नाही. त्याच अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा ५० मीटरवर आणला. हवामान बदल मानणाऱ्यांनी आणि न मानणाऱ्यांनी, दोघांनीही मागायला हवं ते हे: ती रेषा प्रत्येक ग्रामपंचायतीत नकाशावर लावा, आणि तिच्या आत येणाऱ्या प्रत्येक बांधाची सध्याची उंची तिच्याशेजारी लिहा.

चुलतभावाला मी हेच लिहिलं. समुद्र वाढतोय हे त्याने मानावं असा आग्रह मी सोडलेला नाही आणि आमची जुंपतेच. पण ग्रामसभेसाठी आम्ही दोघांनी मिळून एक अर्ज केला आहे. खारभूमी विभागाकडे चार गोष्टी मागितल्या आहेत: आमच्या बांधाची शेवटची मोजणी कधी झाली, तेव्हा उंची किती होती, उघाडीच्या फळ्या कोणत्या साली बदलल्या, आणि गेल्या पाच वर्षांत देखभालीला किती रुपये मंजूर झाले. अर्जात हवामान बदल हा शब्द नको, असं तो म्हणाला. मी तो काढला. समुद्रपातळीचा मात्र ठेवायला लावला.