बाथरूम, टाइल्स आणि शुक्रवारचा आवाज: मालकिणीचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या हॉटेलला, म्हणजे खाली बार आणि माडीवर राहायच्या खोल्या असलेल्या या जुन्या पबला, दोन तारे दिलेत. रिव्ह्यू मराठीत आहे आणि मेलबर्नची बरीच मराठी मंडळी तो वाचून इकडे यायचं की नाही ते ठरवतील, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या तक्रारी अशा: खोलीला बाथरूम नाही, पॅसेजमधून जावं लागतं, खालच्या बारच्या भिंतींना न्हाणीघरासारख्या टाइल्स, शुक्रवारी रात्री आरडाओरडा, सव्वाआठला जेवायला उतरलात तर किचन बंद. आणि शेवटी, मराठी बाईने दारूचा गुत्ता चालवावा याचं वाईट वाटलं.

ऑस्ट्रेलियातल्या आपल्या या व्हिक्टोरिया राज्यात 1851 मध्ये सोनं सापडलं आणि त्यामागोमाग या भागातली गावं उभी राहिली. दारू विकायचा परवाना हवा असेल तर वाटसरूंसाठी खोल्याही ठेवा, असा त्या काळचा कायदा होता. म्हणून इथल्या जुन्या पबांना माडी असते आणि माडीवर ओळीने खोल्या असतात. खोलीत पलंग, हातपाय धुवायला पाण्याचा जग आणि थंडीसाठी फायरप्लेस, बस्स. आज प्रत्येक खोलीत बाथरूम बसवायचं तर फायरप्लेस तरी काढावी लागेल, नाहीतर खिडकी अर्धी बुजवावी लागेल. इमारतीला हेरिटेजचं संरक्षण आहे, बाहेरून काही बदलायचं तर कौन्सिलची परवानगी लागते. पण परवानगी मिळाली तरी मी ते करणार नाही. शेजारच्या मालडनला 1966 मध्ये वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 'नोटेबल टाउन' (उल्लेखनीय गाव) म्हणून गौरवलं, ते गाव जसंच्या तसं राखलं म्हणून. बाथरूम सामायिक आहे हे बुकिंगच्या पानावर वरच लिहिलंय आणि खोलीचा दरही त्याच हिशेबाने कमी आहे.

टाइल्सचं म्हणाल तर 1916 पासून 1966 पर्यंत व्हिक्टोरियातले बार संध्याकाळी सहाला बंद होत. कामगार पाचला सुटायचे आणि तासाभरात मिळेल तेवढी बिअर रिचवायचे. एवढी झुंबड, एवढी सांडलवंड, की बंद झाल्यावर सगळं पाणी मारून धुवावं लागे. म्हणून अनेक पबांनी भिंतींना टाइल्स लावल्या, आमच्याही त्याच. पुढच्या वेळी काउंटरची लाकडी कड बघा. बिअरच्या नळांसमोर ती खोलगट झालीये, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तिथे कोपरं टेकलीत.

शुक्रवारी माइकवरून जे आकडे पुकारत होते, ती मीट रॅफल होती, म्हणजे मांसाची सोडत. एकेक तिकीट विकायचं, जिंकेल त्याला चॉप्स आणि सॉसेजेसचा ट्रे, आणि जमलेले पैसे गावातल्या मुलांच्या फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) आणि नेटबॉलच्या क्लबला. तुमच्या शेजारच्या टेबलावर मोठ्याने हसणारी मंडळी अग्निशमन दलाची स्वयंसेवक होती. उन्हाळ्यात वणवा पेटला की हीच माणसं पगाराविना ट्रक घेऊन निघतात. गावातली बँकेची शाखा बंद झाली, बेकरीही गेली. मयतानंतर लोक जमतात ते इथेच, आणि बारशाची पार्टीही इथेच होते. हा आवाज मी बंद करणार नाही.

राहिला गुत्ता. झिंगलेल्या माणसाला दारू देणं इथे गुन्हा आहे. आमच्याकडच्या प्रत्येकाने त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय आणि "आता पुरे" हे मी स्वतः कित्येकांना सांगितलंय. एकेकाळी या देशात बाई काउंटरच्या मागे चालायची, पुढे नाही. 1965 मध्ये ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉगनर या दोघींनी बारच्या दांड्याला स्वतःला साखळीने बांधून घेतलं, तेव्हा तिथल्या क्वीन्सलंड राज्यात पब्लिक बारमध्ये बायकांना दारू द्यायला कायद्यानेच बंदी होती. आज शुक्रवारी आमच्याकडे आज्या नातवंडांना घेऊन पार्मा (चीज घातलेलं तळलेलं चिकन) खायला येतात. या कामाची मला लाज वाटत नाही, अभिमान वाटतो.

किचन सहा ते आठ. आचारी एकच आहे आणि सकाळपासून उभा असतो. त्या रात्री तुमच्या मुलांना जो वरणभात दिला तो आमच्या घरचा होता. पुन्हा कुणाची मुलं उपाशी असतील तर पुन्हा देईन.

पुन्हा याल तर रविवार ते बुधवार या, तेव्हा शांत असतं. शुक्रवारीच यायचं असेल तर मागच्या अंगणाकडची खोली मागा, बारपासून लांब आहे. आणि जेवायला साडेसातच्या आत खाली उतरा.