प्लगइन तयार झालं? लावा थेट गिऱ्हाइकाच्या साइटवर!

वेबसाइट उभी करणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरला नवं काम शिकवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत, अभिनंदन! आता एखादा शहाणा सांगेल की आधी आपल्या मशीनवर झॅम्प (मशीनलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाका, लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवर, वेगळं वर्डप्रेस उभं करा आणि तिथे नीट तपासून बघा. अजिबात ऐकू नका. लोकलहोस्टवर तुमचं कौतुक करायला आहे कोण? तुम्ही आणि डोक्यावरचा पंखा.

तसं काम सोपंच आहे. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये प्लगइनचं नाव लिहायचं, फाइल प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाकायची, की स्वारी यादीत हजर. आवृत्ती, लेखक, वर्णन सगळं ऐच्छिक. बारसं झालं म्हणजे पोरगं कमावतं झालं, इतका वर्डप्रेसचा आपल्यावर विश्वास.

फंक्शनला 'सेव्ह ऑर्डर' असं सुटसुटीत नाव द्या. त्या नावाआधी स्वतःचा प्रीफिक्स लावणं म्हणजे घरातल्या घरात आडनावाने हाक मारणं. साइटवरच्या दुसऱ्या एखाद्या प्लगइनने हेच नाव आधी घेतलं असेल, तर वर्डप्रेस तुमचं प्लगइन सक्रियच करणार नाही. पण असा योगायोग तुमच्याच नशिबी कशाला येईल?

कोडमधल्या चुका दाखवणारा डीबग मोड बंदच ठेवा. चालू केला की वॉर्निंग दिसतात, दिसल्या की निस्तराव्या लागतात.

मराठीचा अभिमान असेल तर 'ऑर्डर मिळाली, धन्यवाद' हा मजकूर देवनागरीत लिहा आणि फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करताना 'बॉमसह' हा पर्याय डोळे मिटून निवडा. मी निवडला होता. सक्रिय करताच पाटी आली: प्लगइनने 3 अनपेक्षित अक्षरं बाहेर टाकली. ती तीन अक्षरं मी रात्री दोनपर्यंत शोधली. एकेक ओळ पुसून पाहिली, डोक्यावरची नावाची कॉमेंट सोडून अख्खी फाइल रिकामी केली, तरी तीन ती तीनच. बॉम म्हणजेच फाइलच्या अगदी सुरुवातीला बसलेले ते तीन बाइट, दिसतील कसे? चाचणीच्या साइटवर असतो तर निवांत झोपलो असतो. पण तिथे ही मजा नाही.

सगळं सुरळीत चाललं की मगच खरी हौस भागवा. दिवाळीच्या आठवड्यात, फराळ विकणाऱ्या ताईंच्या चालू साइटवर, एफटीपीने, म्हणजे फाइल थेट सर्व्हरवर चढवून, एकच ओळ बदला. ओळीच्या शेवटचा सेमीकोलन राहिला तर राहिला. साइट झोपेल, अॅडमिनचं पानही उघडणार नाही. मग फोल्डरचं नाव बदलून प्लगइन बंद पाडायचं, अनुभवी लोक तेच करतात. तोवर काळजी नको: 2019 च्या 5.2 आवृत्तीपासून असा घोळ झाला की वर्डप्रेस स्वतःच अॅडमिनला ईमेल धाडतं.

अॅडमिन म्हणून पत्ता ताईंचाच होता. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन: "अहो, परदेशातून मोठी ऑर्डर आलीय वाटतं. सगळं इंग्रजीतच आहे. चकल्या किती, तेवढं बघता का?"