ॲव्हरेजसाठी घाटात न्यूट्रल? कृपा करून नको

सध्या एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. 'पेट्रोल वाचवण्याची 6 गुपितं, शोरूमवाले कधीच सांगणार नाहीत.' मुद्दे थोडक्यात असे: एसी लावला की ॲव्हरेज निम्म्यावर येतं. 60 च्या वर काचा उघड्या ठेवल्या तर एसीपेक्षाही जास्त पेट्रोल जळतं. एसीचा पंखा 1 वरच ठेवा, 4 वर ठेवला तर चौपट खर्च. गोल बाणाचं बटण, म्हणजे आतलीच हवा फिरवणारं, बंद ठेवा, त्याने एसीवर लोड येतो. पाचवा मुद्दा, घाट उतरताना एसी बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडा, जमलं तर इंजिनही बंद करा, 'किलोमीटर फुकट मिळतात'. आणि शेवटी, एसी लगेच लावू नका, डॅशबोर्डमधून बेंझीन निघून कॅन्सर होतो.

परवा मामा-मामी साताऱ्याहून पुण्याला आमच्याकडे आले. एप्रिलची दुपार. मामी गाडीतून उतरली ती लालबुंद होऊन, ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि घरात येताच पंख्याखाली फरशीवरच बसली. तिला बीपीचा त्रास आहे. मामाने अभिमानाने हा मेसेज दाखवला. पहिले दोन्ही मुद्दे एकदम पाळायचे म्हणजे हायवेवर एसीही बंद आणि काचाही बंद, जेमतेम दोन बोटं फट. तशी त्याने गाडी आणली होती. वर म्हणाला, कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर थेट नवले पुलापर्यंत न्यूट्रलमध्ये आलो, पेट्रोलचा थेंब खर्च झाला नाही.

म्हणून मी पाचव्या मुद्द्यापासून सुरू करतो. बाकीचे एकेकटे चुकले तर बहुतेक पैसेच जातील, हा चुकला तर माणसं जातील.

आधी पेट्रोलचंच बोलू, कारण पाठवणाऱ्यांना तेवढंच पटतं. आजच्या कारमध्ये, पेट्रोल असो वा डिझेल, इंधन किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे आणि उतारामुळे चाकंच इंजिनला फिरवतायत असं दिसलं की तो इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन सोडणारे भाग, बंद करतो. इंजिनाचे फेरे आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना असतात तितके, जवळ येईपर्यंत इंधन जातच नाही. न्यूट्रल टाकलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. आता इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजावंच लागतं. म्हणजे ज्याला मामा फुकटचा प्रवास समजत होता त्यात पेट्रोल जळत होतं, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडून उतरवली असती तर खरोखर जळलं नसतं. ज्यांच्या डॅशबोर्डवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं त्यांच्या शेजारी बसलेल्याने उतारावर, गाडी गिअरमध्ये असताना, तो काटा बघावा. अगदी टोकाला जाऊन बसतो.

यातूनच एसीचंही उत्तर मिळतं. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो आणि तो पट्टा इंजिनावर. घाट उतरताना इंजिनाला चाकं फिरवत असतील तर कॉम्प्रेसरलाही चाकंच फिरवतात, आणि गाडी आवरायला त्याची थोडी मदतही होते. अख्ख्या प्रवासात एसीचा गारवा खरोखर फुकट मिळण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे गिअरमध्ये उतरलेला घाट. मेसेज नेमका तिथेच एसी बंद करायला सांगतो!

यात थोडं तथ्य एके काळी होतं, तेही नाइलाजाने सांगतो. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरच्या काळात कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कॉम्प्युटरशिवायचा भाग, होता, त्याला इंधन असं पूर्ण तोडता येत नसे. तेव्हा उतारावर न्यूट्रल टाकून थोडं पेट्रोल वाचायचं. हल्लीच्या गाडीतही अगदी सौम्य, लांबलचक उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त अंतर घरंगळते हे खरं. पण घाटात तुम्हाला तिला घरंगळू द्यायचंच नसतं, वळणावळणावर आवरायचं असतं. ते काम गिअरमध्ये इंजिन करतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात, पॅडची पकड कमी होते, ब्रेक ऑइल उकळायला लागलं तर पेडल पायाखाली मऊ पडतं, आणि गाडी थांबत नाही हे कळतं तेव्हा वळण समोर आलेलं असतं.

इंजिन बंद करण्याचा सल्ला तर याच्याही पलीकडचा. ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळे, आणि बूस्टरला ताकद मिळते चालू इंजिनातून. इंजिन बंद केल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत शिल्लक ताकद पुरते, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंगचंही तेच, चाक जड होतं. किल्लीची गाडी असेल आणि कोणी चुकून किल्ली मागे फिरवून बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. चार माणसं बसलेली गाडी घाटात, ब्रेक कडक आणि स्टिअरिंग लॉक. कशासाठी? काही थेंब पेट्रोलसाठी, आणि तेही वाचत नाहीत.

मामा ज्या उताराचं कौतुक सांगत होता तो कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा पट्टा पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका ट्रकने कित्येक गाड्यांना धडक दिली. पहिल्या बातम्या ब्रेक फेल झाल्याच्या होत्या. ट्रक तपासल्यावर ब्रेक ठीक निघाले, आणि डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी सांगितलं. घाटाघाटात 'वाहन न्यूट्रलमध्ये चालवू नका' असे फलक लावलेले असतात, ते शोभेला नसतात. कार ट्रकपेक्षा हलकी आहे म्हणून उताराचा नियम तिला वेगळा लागू होत नाही.

आता एसीने ॲव्हरेज निम्मं होतं हा दावा. यात अर्धं खरं आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर बाकीचा गोंधळ आपोआप सुटतो. एसीचा खर्च किलोमीटरमागे नसतो, तासामागे असतो. गाडी 20 ने सरको की 80 ने धावो, आतली उष्णता बाहेर टाकायला साधारण तेवढंच काम पडतं. छोट्या गाडीसाठी ढोबळ हिशेब करू. हायवेवर 80 च्या वेगाने 20 चं ॲव्हरेज देणारी गाडी तासाला 4 लीटर पिते. एसीचे अर्धा लीटर धरले तर साडेचार, म्हणजे ॲव्हरेज पावणेअठराच्या आसपास. आता तीच गाडी संध्याकाळी सिंहगड रोडला तासाभरात जेमतेम 15 किलोमीटर सरकतेय. एसीशिवाय 1.2 लीटर, म्हणजे साडेबाराचं ॲव्हरेज. इंजिन हळू फिरतंय म्हणून एसीचे 0.4 च धरले तरी 1.6 लीटर होतात, ॲव्हरेज नऊच्या थोडं वर. हायवेवर नववा हिस्सा गेला, शहरात पाव हिस्सा गेला. अमेरिकेचं ऊर्जा खातंही वाहनचालकांना हेच सांगतं की कडक उन्हात, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसी ॲव्हरेज 25 टक्क्यांहून जास्त खाली आणू शकतो. तेव्हा ट्रॅफिकमध्ये एसी जाणवतो हे कबूल. पण निम्मं? आणि तेही हायवेवर? नाही.

ॲव्हरेज निम्मं झाल्यासारखं वाटतं याचं आणखी एक कारण आहे. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो आणि आजवर ती चाचणी एसी बंद ठेवून होत आली आहे. आपल्या हातातला आकडा सिग्नल, खड्डे, पाच माणसं आणि एसी यांच्यासकटचा असतो. दोन्ही शेजारी ठेवले की सगळा दोष एसीच्या माथी जातो.

काचांचा मुद्दा सगळ्यात जास्त ठासून सांगितला जातो, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. हवेचा अडथळा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो हे खरंच आहे, वेग दुप्पट झाला तर अडथळा चौपट. उघड्या काचांनी त्यात भर पडते, हेही खरं. प्रश्न एवढाच की ही भर एसीच्या खर्चाला कोणत्या वेगाला गाठते. त्यासाठी अंदाज बांधायची गरज नाही, हे मोजून झालेलं आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2009 ची टोयोटा कोरोला आणि 2009 ची फोर्ड एक्सप्लोरर या दोन गाड्या रस्त्यावर आणि प्रयोगशाळेतल्या रोलरवर चालवल्या. एकदा एसी पूर्ण जोरात, एकदा एसी बंद आणि काचा खाली. 2013 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताशी 64 ते 113 किलोमीटरपर्यंत दोन्ही गाड्यांनी एसी लावल्यावरच जास्त पेट्रोल खाल्लं. कोरोलामध्ये 121 च्या वेगाला दोन्ही खर्च सारखे झाले आणि 129 ला उघड्या काचा महाग पडल्या. एक्सप्लोररमध्ये तर त्या वेगालाही एसीच महाग राहिला.

म्हणजे मेसेजमधला 60 चा आकडा कुठून आला देव जाणे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला सपाटीवर 100 ची मर्यादा आहे, समृद्धीवर 120 ची. कोरोलाचा तो समान बिंदू महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यावरच्या कायदेशीर वेगाच्या पलीकडे आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे जोडायला हवी. त्या चाचणीत एसी पूर्ण ताकदीने चालू होता. आपल्याकडे गाडी एकदा गार झाली की कॉम्प्रेसर मधूनमधून कट-ऑफ होतो, खर्च कमी होतो आणि हा समान बिंदू खाली सरकतो. 90-100 वर गार झालेल्या गाडीत एसी आणि काचा यांच्यातला फरक इतका किरकोळ राहतो की त्यावर वाद घालू नये. काचा लावा, एसी लावा, धूळ आणि ट्रकचा धूर बाहेर राहील. गावात, सकाळच्या गारव्यात, 40-50 च्या वेगाला काचा खाली घ्या, थोडं पेट्रोल नक्की वाचेल. यापलीकडे त्यात काही गुपित नाही.

पण एसीही बंद आणि काचाही बंद, हा जो या मेसेजचा एकत्रित अर्थ निघतो, तो भयंकर आहे. एप्रिल-मेच्या उन्हात काचेतून येणारी उष्णता आत कोंडून राहते आणि आतलं तापमान बाहेरच्या कितीतरी वर जातं. वयस्कर माणूस, लहान मूल, बीपी-शुगरच्या गोळ्या घेणारं कोणी आत असेल तर हा उष्माघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. चालवणाऱ्यालाही घाम, ग्लानी, डुलकी. आणि वाचतं किती? सातारा-पुणे दोन-अडीच तास, तासाला अर्धा लीटर धरला तरी शंभर-सव्वाशे रुपये. त्यापेक्षा जास्त बचत 100 ऐवजी 80 ने येण्यात आहे. टायरमधली हवा तपासण्यात आणि टपावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवण्यातही काहीतरी वाचतं. त्यासाठी कुणाला उकडून काढावं लागत नाही.

पंख्याचं लवकर संपवतो. पंखा विजेवर चालतो, त्याचा स्वतःचा खर्च कॉम्प्रेसरच्या मानाने नगण्य. पंखा वाढवला की जास्त हवा गार करावी लागते, म्हणून कॉम्प्रेसर थोडा जास्त वेळ चालतो, एवढंच. चौपट वगैरे काही नाही. साध्या, हाताने फिरवायच्या एसीत तापमानाचा नॉब निळ्याकडून लालकडे नेला तर बऱ्याच गाड्यांत थंड हवेत इंजिनाची गरम हवा मिसळली जाते, त्याने पेट्रोल वाचत नाही. हवं तर पंखा कमी करा.

गोल बाणाच्या बटणाबद्दलचा सल्ला तर उफराटा आहे. ते चालू असताना आधीच गार झालेली हवा पुन्हा गार होते, बंद असताना बाहेरची 40 अंशांची. लोड कशात कमी आहे हे शाळकरी मुलगाही सांगेल. फक्त लांबच्या प्रवासात अधूनमधून थोडी ताजी हवा आत घ्या, कारण बंद हवेत जांभया येतात.

बेंझीनचा मेसेज कित्येक वर्षं जुना आहे, दर उन्हाळ्यात नव्या नावाने येतो, आणि त्यातल्या कॅन्सरच्या भीतीला तो कुठलाही पुरावा देत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा खाली घ्याव्यात हे बरोबर आहे, पण ते आतली भट्टीसारखी हवा बाहेर जावी म्हणून. दारं उघडा, निघा, पहिली एक-दोन मिनिटं काचा खाली ठेवून एसी चालू ठेवा, मग काचा वर घ्या आणि ते गोल बाणाचं बटण दाबा. उभ्या गाडीत दहा मिनिटं एसी लावून ठेवण्यापेक्षा चालत्या गाडीत ती लवकर गार होते.

शाळांना सुट्ट्या लागतायत. आता ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, सगळीकडून गाड्या कोकणात उतरतील, आणि त्यांतल्या कितीतरी चालकांच्या फोनमध्ये हा मेसेज असेल. ज्यांनी तो पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर आजच लिहावं की पाचवा मुद्दा चूक आहे, घाट गिअरमध्येच उतरा. ज्या गिअरमध्ये चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये. एसी खुशाल चालू ठेवा.