स्मोल्ट्झचा सौदा फसला नव्हता

बेसबॉलमध्ये तरुण पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) देऊन अनुभवी खेळाडू घेणं म्हणजे भविष्य विकणं, हे लेखातलं मत अजिबात पटलं नाही. 1987 च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सनी 20 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला आणि अनुभवी पिचर डॉयल अलेक्झांडरला आणलं. उरलेल्या साखळी सामन्यांत अलेक्झांडरने 9 जिंकले, एकही हरला नाही! टायगर्सनी टोरोंटोला मागे टाकून डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली, तीही शेवटच्या दिवशी 1-0 ने. पुढे बाद फेरीत मिनेसोटाकडून हरले, हे खरं. स्मोल्ट्झ मिशिगनचाच पोरगा, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, त्यामुळे डेट्रॉइटच्या चाहत्यांची हळहळ समजते. पण तेव्हा तो डबल-ए या खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये 4 जिंकून 10 हरला होता. आणि पिचरचा कोपर कधी दगा देईल सांगता येतं का? खुद्द स्मोल्ट्झचा 2000 चा अख्खा मोसम कोपराच्या शस्त्रक्रियेत गेला.