‘गेटला खेटूनच राहा’ हा सल्ला कुटुंबांच्या कामाचा नाही

“राष्ट्रीय उद्यान बघायला जाताय ना? मग पैशांकडे बघू नका, गेटला खेटून महागातलंच रिसॉर्ट घ्या. मधल्या दरात पोरांचे हाल होतात आणि प्राणीही दिसत नाहीत.” हा सल्ला सध्या जो तो पुढे पाठवतोय. मुलंबाळं, आजी-आजोबा घेऊन निघालेल्यांना तो भलताच महागात पडतो.

मुळात गेट कोणतं? अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाला पाच प्रवेशद्वारं आहेत. उत्तरेच्या दाराशी, गार्डिनरला उतरलात तर ओल्ड फेथफुलचा उष्ण फवारा तिथून सुमारे ९० किलोमीटर. पश्चिमेच्या वेस्ट यलोस्टोनहून मात्र जेमतेम ५०. त्यात बायसनचा कळप रस्त्यात उभा राहिला की गाड्या जागच्या जागी. पण भर हिवाळ्यात हाच हिशेब उलटतो: साध्या गाडीला आत फक्त उत्तरेकडचा रस्ता खुला असतो आणि वेस्ट यलोस्टोनमध्ये गेटला खेटून राहूनही गाडी आत नेता येत नाही. ताडोब्यात तर परमिट ज्या गेटचं, प्रवेश त्याच गेटातून. म्हणजे आधी परमिट, मग खोली.

प्राणी दिसण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. पहाटेचा तास मोलाचाच. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात नोव्हेंबर ते जानेवारी आतल्या मुक्कामाच्या कॅम्पांची दारं ४:३० ला उघडतात, उद्यानाची बाहेरची दारं ५:३० ला. पण हे कॅम्प उद्यानाचेच. तिथल्या स्वयंपाकघरासकटच्या साध्या कॉटेज मधल्या दरातच बसतात. त्या कित्येक महिने आधी भरतात, एवढंच. गेटबाहेरच्या आलिशान लॉजवर कितीही पैसे ओता, दार ५:३० लाच उघडणार.

आता पोरांचे हाल. क्रूगरच्या उघड्या सफारी गाडीत सहा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत, आणि बरेच खासगी लॉज लहान मुलांना मुक्कामालाही ठेवून घेत नाहीत. महागड्या खोलीला चार माणसं सुखानं झोपतीलच याची खात्री नसते. ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे बहुतेकदा पलंग आणि बाथरूम यांच्यामधल्या वाटेवर टाकलेली गादी. रात्री आजी उठल्या की नातवाला ओलांडूनच जायचं. त्यापेक्षा मध्ये दार असलेल्या दोन छोट्या खोल्या आणि दूध गरम करायला एक शेगडी मला केव्हाही जास्त मोलाची वाटते.

स्विमिंग पूल, बाल्कनीतून दिसणारं जंगल, हे फोटोत छान दिसतं. दिवसभर गाडीत हादरून आलेलं पोर सातला झोपलेलं असतं.

म्हणून बुकिंगआधी फोन करा आणि नेमकं विचारा: पहाटे चारला गरम पाणी येतं का? लवकर निघताना नाश्ता बांधून मिळतो का? खिडक्यांना जाळी आहे का? क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, तिथे हा प्रश्न सगळ्यांत आधी. आणि परमिट मिळालं नाही तर खोलीचे पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या.