‘सेफ्टी फ्यूज’ची उपमा पटली नाही
स्नायूंवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातलं गॉल्जी टेंडन ऑर्गन (स्नायूतला ताण मोजणारा छोटा संवेदक) म्हणजे ‘स्नायू फाटू नये म्हणून अतिताणाला उडणारा सेफ्टी फ्यूज’, हे वाक्य खटकलं. फिजिओथेरपी शिकताना मीही हेच घोकलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्कही मिळवले! प्रत्यक्षात स्नायू आणि कंडरा जिथे जुळतात तिथला हा जेमतेम एक मिलिमीटरचा संवेदक साधारण १०-२० स्नायुतंतूंना जोडलेला असतो. तंतू आकसले की आतले कोलॅजनचे धागे ताठ होतात, त्यांच्यात गुंफलेली चेताटोकं दाबली जातात आणि संदेश निघतो. त्याला प्रचंड वजन लागत नाही. हूक आणि हेनमन यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं की मोजके तंतू आकसले तरी तो जागा होतो. नुसत्या बाहेरून दिलेल्या ताणाला मात्र तो बराच थंड प्रतिसाद देतो.

म्हणजे कागदी कप न चेपता धरतानाही त्याचं मोजमाप चालूच असतं. आणि ‘तो नेहमी स्नायूला ढिलं करतो’ हेही अर्धंच. मांजरांवरच्या प्रयोगांत, चालताना पाय जमिनीवर टेकलेला असताना हाच संदेश पाय सरळ ठेवणाऱ्या स्नायूंना उलट जोर देतो असं दिसलंय. वजन पेलायच्या ऐन वेळी फ्यूज उडाला असता तर पावलागणिक गुडघ्यातून कोसळलो असतो की! स्ट्रेचिंगच्या क्लासमध्ये ‘तीस सेकंद धरा, गॉल्जी स्नायूला ढिलं सोडेल’ असं अजूनही सांगतात, तेव्हा मी गप्प बसते.